एकास चाळीस

बंगळुरास बदलून आलेल्या मराठी नोकरदाराला या शहरातील दोन गोष्टी लवकर कळतात : सदाचा गारवा आणि जुलै महिन्यातील डर्बी. त्या दिवशी हाय ग्राउंड्सकडच्या मैदानाभोवती जी गर्दी लोटते, ती पाहून हा सगळा साहेबी थाट आहे, आपला याच्याशी काय संबंध, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. परंतु मुंबईस 1943 साली झालेली पहिली इंडियन डर्बी एका मराठी संस्थानिकाच्या घोडीने, बडोद्याच्या प्रतापसिंहराव गायकवाडांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ने, जिंकली होती. स्वार होता एडगर ब्रिट नावाचा ऑस्ट्रेलियन.

याच महाराजांनी 1945 साली डॉनकॅस्टरच्या लिलावात एक शिंगरू विकत घेतले. त्याचा सख्खा भाऊ ‘डान्टे’ त्याच वर्षी इंग्लंडची डर्बी जिंकून मोकळा झाला होता. म्हणून बोली चढत चढत 28,000 गिनींवर गेली. एक वर्षाच्या शिंगरासाठी एवढी किंमत इंग्लंडात तोवर कोणी दिली नव्हती. आम्हा कारकुनांना हिशेबाची खोड असते. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग आणि त्या वेळचा रुपया दीड शिलिंगाचा. तेव्हा ही रक्कम 3 लाख 92 हजार रुपये भरते. शिंगराचे नाव ठेवले ‘सयाजीराव’.

या नावाशी मात्र मन अडखळते. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या एका शेतकरी घरातला गोपाळराव 1875 साली दत्तक गेला आणि पुढे सयाजीराव झाला. त्याने 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले व 1906 मध्ये ते सबंध राज्यास लागू केले. 1913 साली तरुण भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कला पाठविणारी शिष्यवृत्तीही त्याचीच. नातवाने आजोबांचे नाव घोड्यास द्यावे, यात प्रेम असेल, अनादर नसेल. तरी ते मला रुचत नाही.

1947 च्या वसंतात हा घोडा ‘टू थाउजंड गिनीज’मध्ये तिसरा आला. ती शर्यत ‘ट्यूडर मिन्स्ट्रेल’ने तब्बल आठ लांबींनी मारली. तेव्हा डर्बीचा निकाल सर्वांनी मनोमन लावूनच टाकला. 3 जूनला माउंटबॅटनची फाळणीची योजना जाहीर झाली, आणि 7 जूनला, शनिवारी, एप्समच्या उतारावर डर्बीचे घोडे उभे राहिले. बडोद्याचे प्रतिनिधी तेव्हा दिल्लीत घटनासमितीत बसलेले होते. ट्यूडर मिन्स्ट्रेलचा भाव इतका उतरला होता की सात रुपये लावावेत तेव्हा चार मिळावेत. त्याच यादीत ‘पर्ल डायव्हर’ हा एक फ्रेंच घोडा होता, भाव एकास चाळीस. म्हणजे त्याला कोणी विचारीत नव्हते.

डर्बीचे अंतर दीड मैल आहे. एक मैलापर्यंतचा राजा दीड मैलाचा राजा असेलच असे नाही, ही साधी गोष्ट आठ लांबींच्या चमत्काराने लोक विसरले होते. गॉर्डन रिचर्ड्ससारखा कसलेला स्वार, पण ट्यूडर मिन्स्ट्रेल पूर्वीसारखा पळालाच नाही, चौथा आला. जॉर्ज ब्रिजलँडने पर्ल डायव्हरला चार लांबींनी पुढे काढले. दुसरा आगाखानांचा ‘मिगोली’ आणि पाऊण लांबीने तिसरा सयाजीराव. घोड्याच्या वंशावळीची किंमत लिलावात होते. त्याच्या दमाची किंमत शेवटच्या फर्लांगाखेरीज कोठे होते?

सयाजीरावाची पाळी पुढे आली. आयर्लंडची डर्बी त्याने जिंकली, आणि सप्टेंबरात, भारत स्वतंत्र झाल्यावर, डॉनकॅस्टरच्या ‘सेंट लेजर’मध्ये पाऊणे दोन मैलांहून अधिक पल्ला पळून, ‘आर्बार’ या फ्रेंच घोड्याला केवळ डोक्याइतक्या अंतराने मागे टाकले. मिगोली तिसरा. पाठीवर तोच ब्रिट. जेथे विकला गेला त्या गावीच घोड्याने आपली किंमत वसूल करून दिली. 1948 साली महाराजांच्या ‘माय बाबू’नेही टू थाउजंड गिनीज जिंकली.

पण राज्यच उरले नव्हते. 1 मे 1949 रोजी बडोदे मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षी तेथे महाराजा सयाजीराव विद्यापीठ निघाले, तेही याच नातवाच्या हातून; हे त्याच्या खात्यात जमा धरलेच पाहिजे. 1951 साली भारत सरकारने त्याची मान्यता काढून घेतली. 1968 साली तो लंडनला वारला.

सयाजीराव घोडा त्यापूर्वीच, 1966 मध्ये, गेला. त्याची मुलगी ‘ग्लॅडनेस’ 1958 मध्ये अ‍ॅस्कॉटचा गोल्ड कप जिंकून गेली होती, आणि मुलगा ‘इंडियाना’ 1964 साली बापाचीच सेंट लेजर. भाव होता सातास शंभर.