लायन्सच्या कचेरीतील ‘लिओ’ : गणकयंत्र आणि कारकुनी श्रमाची व्यवस्था

व्यापारी कचेरीच्या नित्य कामासाठी इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र प्रथम कोणी वापरले, ह्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळांस अनपेक्षित वाटते. तो मान एखाद्या बँकेकडे किंवा अमेरिकन उद्योगाकडे जात नाही. तो लंडनमधील जे. लायन्स अँड कंपनी ह्या चहा, पाव व केक विकणाऱ्या संस्थेकडे जातो. पिकॅडिली येथे १८९४ साली पहिले चहागृह उघडणाऱ्या ह्या कंपनीची विसाव्या शतकाच्या मध्यास दोनशेच्या आसपास चहागृहे होती आणि हॅमरस्मिथमधील कॅडबी हॉल ह्या तिच्या मुख्य ठाण्यात बेकऱ्या व कचेऱ्या शेजारी शेजारी नांदत होत्या. तेथील ‘लिओ’ ह्या यंत्राने नोव्हेंबर १९५१ मध्ये बेकरीतील मालाच्या मूल्यांकनाचे साप्ताहिक काम हाती घेतले. ‘लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस’ ह्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्या यंत्राचे नामकरण झाले होते.

ह्या घटनेचा वृत्तान्त बहुधा यंत्राच्या अंगाने सांगितला जातो. तो कचेरीच्या अंगाने पाहिला असता निराळाच क्रम दिसू लागतो. यंत्र आले आणि त्याने कचेरी बदलली, असे येथे घडले नाही. कचेरी आधी बदलली होती आणि तिने यंत्राचा शोध घेतला. केंब्रिजचा गणिती जॉन सिमन्स १९२३ साली लायन्समध्ये दाखल झाला. त्याच्यापुढील अडचण साधी होती. एका कप चहाच्या किंवा एका केकच्या विक्रीत नफा अत्यल्प. पण त्या विक्रीची नोंद ठेवावयास लागणारे श्रम, मोठ्या रकमेच्या व्यवहारास लागतात तेवढेच. अशा धंद्यात नोंदीचा खर्च आटोक्यात न ठेवल्यास नफाच उरावयाचा नाही. म्हणून कचेरीतील प्रत्येक कागद कोठून येतो, कोणाकडे जातो आणि तो मुळात लागतो तरी कशाला, ह्याची तपासणी करणारा स्वतंत्र विभाग सिमन्सच्या देखरेखीखाली उभा राहिला. कारखान्यातील श्रमांचे मोजमाप त्या काळी रूढ झाले होते. कचेरीतील श्रमांचा विचार तितक्याच चिकाटीने करणाऱ्या संस्था मात्र थोड्या होत्या.

टी. आर. थॉम्प्सन व ऑलिव्हर स्टँडिंगफर्ड हे दोन अधिकारी १९४७ साली अमेरिकेतील कचेऱ्यांच्या पद्धती पाहण्यास गेले. प्रिन्स्टन येथे हर्मन गोल्डस्टाइन ह्यांनी त्यांस केंब्रिज विद्यापीठात चाललेल्या कामाची माहिती दिली. घरच्या अंगणातील गोष्ट समुद्रापलीकडे जाऊन कळावी, हा योगायोग मौजेचा खरा. लायन्सने केंब्रिजच्या ‘एड्सॅक’ प्रकल्पास ३,००० पौंड व आपला एक कर्मचारी दिला. ६ मे १९४९ रोजी ‘एड्सॅक’ यशस्वीपणे चालल्यानंतर त्याच धर्तीवर स्वतःचे यंत्र बांधण्याचे काम कंपनीने नेटाने सुरू केले. बांधणी जॉन पिंकर्टन ह्याच्याकडे होती. कोणते काम यंत्रास द्यावयाचे आणि ते कोणत्या क्रमाने, हे ठरविण्याची धुरा डेव्हिड कॅमिनर ह्याने वाहिली.

कॅमिनरची शिस्त कठोर होती. यंत्राचा वेळ मौल्यवान असल्याने लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याने कागदावर ओळीने तपासल्याखेरीज यंत्रावर चढत नसे. संबंधित विभागात बसून, तेथील जुन्या कारकुनांस विचारून, नियमाबरोबरच नियमाचे अपवादही टिपून घ्यावे लागत. कारकून जे सवयीने करीत होता ते प्रथमच शब्दांत उतरत होते. वर्षानुवर्षांच्या अनुभवाने आलेले ज्ञान अशा रीतीने त्याच्या हातून निघून आराखड्यात जमा होत होते. कार्यक्षमतेच्या हिशेबात ह्या हस्तांतराचा उल्लेख सापडत नाही. पण सत्तेच्या दृष्टीने पाहता तीच ह्या प्रयोगातील सर्वांत दूरगामी गोष्ट होय.

नव्या कामासाठी माणसे शोधताना कंपनीने बाहेरच्या गणितज्ञांपेक्षा आपल्याच कचेऱ्यांकडे नजर वळविली. त्यासाठी भरविलेल्या वर्गांत दिवसा व्याख्याने होत आणि संध्याकाळी घरी सोडवावयाचे प्रश्न दिले जात. १९५२ साली निवड झालेल्यांत मेरी ब्लड, म्हणजे पुढील मेरी कूम्ब्स, ही फ्रेंच व इतिहासाची पदवीधर होती. व्यापारी गणकयंत्राच्या आज्ञावली लिहिणारी ती पहिली स्त्री मानली जाते. त्याच सुमारास आलेला फ्रँक लँड हा अर्थशास्त्राचा पदवीधर होता. विद्याशाखेपेक्षा तर्काचा नेटकेपणा येथे अधिक मोलाचा ठरला.

पगारपत्रकाचे काम १९५४ च्या आरंभी यंत्राकडे पूर्णपणे सोपविले गेले. ब्रिटनमध्ये १९४४ पासून प्राप्तिकर पगारातूनच, वर्षारंभापासूनच्या एकूण मिळकतीवर, कापला जात असे; त्यामुळे प्रत्येक माणसाचा आठवड्याचा हिशेब किचकट झाला होता. अनुभवी कारकुनास एका पगाराच्या आकडेमोडीस आठ मिनिटे लागत. ‘लिओ’स दीड सेकंद पुरे होई. ही तुलना सर्वत्र उद्धृत केली जाते, पण ती सावधपणे वाचली पाहिजे. ती केवळ आकडेमोडीची आहे. माहिती पंच कार्डांवर उतरविणे आणि ती पुन्हा पडताळणे हे काम हातानेच होत होते. किंबहुना यंत्राच्या मार्गातील खरी अडचण गणिताची नव्हतीच. माहिती आत घालणे व बाहेर काढणे ह्याचीच होती. त्यासाठी योजलेली चुंबकीय फितीची उपकरणे विश्वासार्ह न ठरल्याने सोडून द्यावी लागली आणि कार्डांचा आश्रय घेण्यात बराच काळ गेला. जुनी पद्धत व नवे यंत्र काही काळ जोडीने चालवूनच, उत्तरे जुळल्यावर, कारकुनांस त्या कामातून मोकळे केले गेले. पगार चुकला तर कामगार यंत्रास नव्हे, मालकास जाब विचारतो, ह्याचे भान तेथे होते.

चहागृहांच्या पुरवठ्याची योजना १९५४ च्या अखेरीस अमलात आली आणि व्यवस्थापनाच्या दृष्टीने ती पगारपत्रकाहूनही बोधप्रद आहे. प्रत्येक चहागृहाची वारवार मागणी आधीच ठरवून यंत्रास पुरविली होती. व्यवस्थापिकेने रोजची संपूर्ण यादी भरावयाची नव्हती. त्यात फरक हवा असेल तर तेवढाच ठरलेल्या वेळी दूरध्वनीवरून सांगावयाचा होता. कॅडबी हॉलमध्ये कानाला श्रवणयंत्र लावून बसलेली मुलगी तो ऐकता ऐकताच कार्डावर छिद्रे पाडी. बदल तेवढाच कळविणे, हे ह्या पद्धतीचे मर्म होते. व्यवस्थापिकेचे लेखन त्यामुळे कमी झाले. उद्या पाऊस पडेल काय, गिऱ्हाईक किती येईल, हा अंदाज मात्र तिच्याकडेच राहिला.

कारकुनांच्या नोकऱ्यांचे काय झाले? येथे लायन्सला काळ अनुकूल होता. पन्नाशीच्या दशकात ब्रिटनमध्ये बेकारी नगण्य होती आणि कचेरीतील तरुण स्त्रिया विवाहानंतर नोकरी सोडीत. रिकाम्या जागा न भरल्याने मनुष्यबळ घटत गेले. कोणास काढावे लागले नाही. ह्यास उदारपणा म्हणावे की स्त्रियांच्या अल्पकालीन नोकरीच्या रूढीचा लाभ, हा प्रश्न इतिहासकाराने टाळू नये. दीड सेकंदाची नोंद टिकली. कार्डे भरणाऱ्या मुलींची नावे बहुतांशी टिकली नाहीत.

अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या लुइव्हिल येथील कारखान्यात ‘युनिव्हॅक’वर पगारपत्रक तयार होऊ लागले ते १९५४ च्या अखेरीस. तेथे यंत्र विकत घेतले होते आणि सल्लागार बाहेरून आले होते. लायन्सने दोन्ही घरीच घडविले. ह्या घरगुतीपणामुळेच कंपनीने नोव्हेंबर १९५४ मध्ये लिओ कॉम्प्युटर्स ही स्वतंत्र संस्था काढून इतरांसाठी यंत्रे बांधण्याचे धाडस केले. आणि बेकरीवाल्याच्या तिजोरीस ते फार काळ पेलणारे नव्हते, हेही त्यामुळेच झाले. १९६३ साली ती संस्था इंग्लिश इलेक्ट्रिकच्या गणकयंत्र विभागात विलीन झाली. पहिला ‘लिओ’ जानेवारी १९६५ मध्ये बंद करण्यात आला. फ्रँक लँड १९६७ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेला आणि कॅडबी हॉलमध्ये कारकुनांना विचारून विचारून शिकलेली ती पद्धत तेथे विद्यापीठीय विषय म्हणून शिकवू लागला.