सीहोरची पाठशाळा आणि उपपत्तीचे अध्यापन

भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ.स. ११५० मध्ये, ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ रचला आणि त्यावर स्वतःच ‘वासनाभाष्य’ लिहिले. सांगितलेला नियम कोणत्या कारणाने खरा ठरतो याचा उलगडा करणे हे या भाष्याचे काम आहे. अशा उलगड्याला भारतीय गणितपरंपरा ‘उपपत्ती’ म्हणते. उपपत्तीवाचून गणिती विद्वानांच्या सभेत प्रौढी पावत नाही आणि त्याचा स्वतःचा संशयही फिटत नाही, अशी भास्कराचार्यांची स्पष्ट भूमिका होती. तिचा दुसरा भाग अध्यापनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे, कारण त्यात उपपत्तीचा पहिला लाभार्थी शिकणारा माणूस ठरतो.

या ग्रंथाचे अध्ययन चालू राहावे म्हणून भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता, त्याने चाळीसगावाजवळच्या पाटण येथे एक मठ स्थापन केला. त्या मठाला मिळालेल्या देणगीचा शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. एका शास्त्रज्ञाच्या ग्रंथांचे पठनपाठन व्हावे एवढ्यासाठी उभी राहिलेली ही संस्था महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासात जितक्या ठळकपणे सांगितली जायला हवी, तितकी ती सांगितली जात नाही.

मठात जे शिकवले जाई त्याचे स्वरूप ‘सिद्धान्तशिरोमणी’तील ‘गोलाध्याय’ या भागावरून दिसते, आणि तिथे विधान व पुरावा यांची सांगड कशी घातली जाते हे बारकाईने पाहण्याजोगे आहे. पृथ्वी गोल आहे हे विधान. पण ती सपाट दिसते हा तर रोजचा अनुभव. भास्कराचार्य हा अनुभव नाकारत नाहीत, तर वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळच भासतो, आणि पृथ्वी प्रचंड मोठी व माणूस अगदी लहान असल्यामुळे त्याच्या दृष्टीस पडणारा तुकडा सपाट वाटतो, असे सांगून तो अनुभव गोलत्वाशी जुळवून दाखवतात. त्यानंतर ते सपाट पृथ्वीच्या मताचीच परीक्षा घेतात: पृथ्वी आरशासारखी सपाट असेल, तर तिच्याभोवती उंचावरून फिरणारा सूर्य माणसांना सतत का दिसू नये? मेरू पर्वताआड जाण्याने रात्र होत असेल, तर तो पर्वत का दिसत नाही? आणि मेरू उत्तरेला असताना अर्धे वर्ष सूर्य दक्षिणेकडे सरकून कसा उगवतो?

पृथ्वीच्या आकारमानाबाबतची उपपत्ती याहून सरस आहे. ध्रुवतारा क्षितिजापासून किती अंश वर दिसतो यावरून गावाचा अक्षांश कळतो. विषुववृत्तापासून उज्जैन परिघाच्या सोळाव्या भागावर, म्हणजे साडेबावीस अंशांवर धरलेले आहे. तेव्हा तेवढ्या अंतराची सोळापट हा पृथ्वीचा परिघ झाला. भास्कराचार्यांनी तो ४,९६७ योजने मानला. पुराणांत पृथ्वीचा विस्तार पन्नास कोटी योजने सांगितलेला आहे. पण ती तेवढी असती तर थोडेसे उत्तरेला गेल्यावर ध्रुव जितका वर चढताना दिसतो तितका तो चढला नसता. येथे न्यायशास्त्राची परिभाषा उपयोगी पडते. सिद्ध करायचे विधान ती ‘प्रतिज्ञा’, त्याला आधार देणारी गोष्ट तो ‘हेतू’, आणि हेतू असेल तिथे साध्य असतेच असा जो नियत संबंध, ती ‘व्याप्ती’. ध्रुवाची उंची हा हेतू असला, तरी गोलावरील अंतर आणि अंश यांचे प्रमाण ठाऊक नसेल, तर त्या उंचीवरून पृथ्वीबद्दल काहीच ठरत नाही. पुरावा पुढे ठेवला की विधान आपोआप सिद्ध होते, ही समजूत वर्गात आजही आढळते, आणि तिचे इतके नेमके निरसन क्वचितच सापडेल.

पुढच्या शतकांत पुरावा आणि विधान यांना जोडणारा हा मधला दुवा बऱ्याच अंशी सुटला. त्याचे एक मोठे कारण व्यवहाराची सोय हे होते. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ हा करणग्रंथ, म्हणजे पंचांग करण्यापुरता आवश्यक तेवढा गणिताचा भाग देणारा ग्रंथ, सिद्ध केला. त्यात त्यांनी ‘ज्या’ म्हणजे साइन यांचा वापर अजिबात न करता ग्रहांची स्थाने पुरेशी अचूक काढून दाखवली. हे काम असामान्य बुद्धीचे होते यात शंका नाही, आणि गणेश दैवज्ञांना स्वतःला उपपत्ती उत्तम अवगत होती. परंतु कोष्टके आणि रीती तोंडपाठ असल्या की पंचांग तयार होऊ लागल्यामुळे, गावोगावच्या जोशांना ‘गोलाध्याय’ उघडण्याची गरज उरली नाही.

‘गोलाध्याय’ पुन्हा वर्गात आणण्याचा प्रयत्न भोपाळजवळच्या सीहोर येथील पाठशाळेत झाला. तिथे पोलिटिकल एजंट असलेले लान्सलॉट विल्किन्सन यांनी १८३४ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात एक लेख लिहून, एतद्देशीयांच्या शिक्षणात सिद्धान्तग्रंथांचा उपयोग करावा असे प्रतिपादन केले. नव्या खगोलशास्त्राचे निष्कर्ष परक्या अधिकाराने लादण्यापेक्षा विद्यार्थ्यांनी प्रथम त्यांना मान्य असलेल्या ग्रंथातील युक्तिवाद समजून घ्यावा आणि मग त्याच्या आधाराने पुढे जावे, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. पुढच्याच वर्षी मेकॉले यांच्या टिपणानंतर सरकारी धोरण इंग्रजीकडे झुकले, त्यामुळे विल्किन्सन यांचा मार्ग प्रवाहाविरुद्धचा ठरला. त्यांचा अंतिम हेतू पाश्चात्त्य ज्ञानाचा प्रसार हाच होता, ही गोष्ट झाकण्याचे कारण नाही. पण विद्यार्थ्याच्या विचारशक्तीवर त्यांनी जो भरवसा टाकला, तो त्या काळच्या अधिकाऱ्यांत दुर्मीळ होता.

सीहोरचे मराठी ज्योतिषी सुबाजी बापू यांनी १८३६ मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ लिहिला. पुराणांचे, सिद्धान्तांचे आणि कोपर्निकसचे अशी विश्वाची तिन्ही वर्णने त्यांनी शेजारी शेजारी ठेवली आणि कोपर्निकसच्या मताचे श्रेष्ठत्व स्वीकारले. इतक्या लवकर, मराठीत, परंपरेत वाढलेल्या पंडिताने हे करावे ही मोठी घटना होती. त्यावर वाद माजला. यज्ञेश्वर सदाशिव रोडे यांनी १८३७ मध्ये ‘अविरोधप्रकाश’ लिहून पुराणे आणि सिद्धान्त यांत विरोध नाही असे मांडले, आणि त्याचेही खंडन लिहिले गेले. रोडे यांच्या भूमिकेला खुद्द भास्कराचार्यांचा आधार मिळत होता हे मान्य करावे लागते. चंद्रग्रहण दीर्घकाळ टिकते व अर्धग्रस्त चंद्राची शिंगे बोथट दिसतात, तर सूर्यग्रहण थोडा वेळ टिकते व सूर्याची शिंगे तीक्ष्ण दिसतात, म्हणून दोहोंना झाकणारी वस्तू एकच असू शकत नाही, असा नेटका हेतू दिल्यावर भास्कराचार्य ब्रह्मदेवाच्या वराने राहू छायेत प्रवेश करतो असे सांगून पुराणांशी जुळवून घेतात. पृथ्वी अचल आहे या विधानालाही ते स्वभावापलीकडे आधार देत नाहीत. उपपत्ती मागण्याची सवय लागलेला विद्यार्थी तीच मागणी या विधानापुढेही ठेवणार, आणि सुबाजींच्या ग्रंथाचे महत्त्व याच ठिकाणी आहे: गुरुग्रंथाने दिलेले साधन त्यांनी गुरुग्रंथालाही लावले.

१८४१ मध्ये विल्किन्सन यांचा मृत्यू झाला. उपक्रम मुख्यतः एका व्यक्तीच्या आश्रयावर उभा होता आणि संस्कृत जाणणाऱ्या मोजक्या पुरुषांपलीकडे तो गेला नव्हता, या दोन्ही उणिवा त्याला भोवल्या. तरीही सीहोरच्या पाठशाळेत शिकलेले, पुण्यात १८२१ मध्ये जन्मलेले बापूदेव शास्त्री १८४२ पासून काशीच्या संस्कृत कॉलेजात गणित शिकवू लागले आणि दोन्ही परंपरांचे गणित त्यांनी एकाच वर्गात आणले. विल्किन्सन यांनी केलेले ‘गोलाध्याया’चे इंग्रजी भाषांतर त्यांनीच तपासून दुरुस्त केले, आणि ते १८६१ मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध झाले.