लोणारच्या विवराचे वय आणि आर्गॉनची साक्ष

शेगाव पूर्णेच्या खोऱ्यात वसले आहे. तेथील भूमीत वर नदीचा गाळ आणि त्याखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. उष्णता व दाब यांमुळे रूप पालटलेले प्राचीन स्तरित खडक पाहावयाचे, तर नागपूर-भंडाऱ्याकडील सौसर मालेकडे वळावे लागते. तथापि खडकाच्या रूपांतरणाचा काळ आर्गॉन वायूवरून कसा ठरवावा, या प्रश्नाचे एक बोधप्रद उदाहरण शेगावच्याच बुलढाणा जिल्ह्यात, दक्षिणेस लोणार येथे आढळते.

लोणारच्या खाऱ्या सरोवराची नोंद १८२३ साली अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने केली. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर ज्वालामुखीचे, असाच समज दीर्घकाळ होता. १९७३ साली फ्रेड्रिक्सन व त्यांचे सहकारी यांनी तेथील बेसाल्टात मस्केलिनाइट, म्हणजे प्रचंड आघाताने काचरूप पावलेले फेल्स्पार, दाखवून दिले. विवर उल्कापाताने झाले हे त्यायोगे सिद्ध झाले. येथील रूपांतरण क्षणार्धात घडलेले, आघातजन्य होय. ते केव्हा घडले, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

पोटॅशियम-४० चे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षांचे असून, त्याच्या दर शंभर विघटनांपैकी सुमारे अकरांतून आर्गॉन-४० निर्माण होतो. खडक वितळला म्हणजे साठलेला वायू निसटतो आणि कालगणनेस नव्याने प्रारंभ होतो. १९४८ साली ऑल्ड्रिच व नीर यांनी पोटॅशियमयुक्त खनिजांत हा आर्गॉन असल्याचे दाखविले. १९६६ साली मेरिह्यू व टर्नर यांनी नमुन्यावर न्यूट्रॉनांचा मारा करून पोटॅशियमच्या काही अंशाचे आर्गॉन-३९ मध्ये रूपांतर करण्याची रीत मांडली. त्यामुळे नमुना टप्प्याटप्प्याने तापवून प्रत्येक टप्प्याचे वय स्वतंत्रपणे काढता येऊ लागले.

लोणारची अडचण येथेच उद्भवते. ज्या बेसाल्टावर उल्का आदळली, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे. आघाताने वितळलेल्या काचेत त्या जुन्या आर्गॉनचा केवळ शंभरावा हिस्सा जरी अडकून राहिला, तरी वयात साडेसहा लाख वर्षांची खोटी भर पडेल. दुसऱ्या पद्धतींनी मिळालेली वये तर फारच अल्प होती. तापविल्यावर खनिजातून निघणाऱ्या प्रकाशाच्या मापनावरून सेनगुप्ता, भंडारी व वातानाबे यांनी १९९७ साली सुमारे ५२ हजार वर्षे हा आकडा दिला. युरेनियमच्या विखंडनाने काचेत उमटलेल्या रेषांवरून २००४ साली सुमारे १५ हजार वर्षे निघाली, पण अनिश्चितता जवळजवळ तितकीच होती.

२०११ साली जुर्दाँ, मोइनिए, केबर्ल व एरोग्लू यांनी वितळलेल्या खडकाच्या चार नमुन्यांवरून ५ लाख ७० हजार वर्षे (अधिकउणे ४७ हजार) हे वय प्रसिद्ध केले. अर्थात पूर्वीच्या आकड्याच्या सुमारे अकरापट. हे वय जुन्या आर्गॉनमुळे फुगलेले नाही कशावरून? काचेत आरंभी अडकलेल्या वायूचे प्रमाण गृहीत न धरता ते समस्थानिकांच्या आलेखावरूनच ठरविले, आणि तो अंश अत्यल्प निघाला. सिलिकाचे प्रमाण कमी असल्याने बेसाल्टाचा रस पातळ असतो व त्यातून वायू त्वरेने निसटतो, हे त्याचे कारण त्यांनी दिले. हे वय ग्राह्य मानल्यास विवराची कड पाच लाखांहून अधिक पावसाळे सोसूनही टिकून आहे असे म्हणावे लागते. दख्खनच्या भूमीची झीज किती मंद असावी, या प्रश्नालाही त्यामुळे नवे वळण लागते.

सौसर मालेतही हाच विवेक आवश्यक आहे. तेथे चिकणमातीचे अभ्रकी खडक झाले व चुनखडीचा संगमरवर झाला. परंतु कृष्णाभ्रक सुमारे ३०० अंश सेल्सिअसखाली आल्यावरच आर्गॉन राखू लागते, तर हॉर्नब्लेंड सुमारे ५०० अंशांखाली. म्हणून अभ्रकाचे वय गाळ साचल्याचे नव्हे, बहुधा रूपांतरणाच्या परमोच्च अवस्थेचेही नव्हे, तर खडक निवल्याचे असते. आर्गॉन खडकाचे वय सांगतो असे म्हणणे ढोबळ होय. तो एका खनिजाच्या जीवनातील एका घटनेची साक्ष देतो. ती घटना कोणती, हे खडकाचे क्षेत्रातील स्थान व त्याची घडण पाहून अभ्यासकालाच ठरवावे लागते.