लोरिसच्या नोंदी, मुखर्जींच्या नोंदी

मोठ्या डोळ्यांचा, रात्री हिंडणारा इवलासा लोरिस दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत आढळतो. त्याची मादी वर्षभर नाही, ठरावीक हंगामांतच माजावर येते. तिच्या या प्रजननचक्रावर एल. एस. रामस्वामी आणि टी. सी. आनंद कुमार यांनी १९६२ साली लिहिलं. संप्रेरकं आणि प्रजनन हाच पुढे आनंद कुमारांचा विषय राहिला.

१९८६ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट-ट्यूब बाळ जन्मलं. देशातलं पहिलं म्हणून ते गाजलं.

पण कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींनी १९७८ मध्येच हे साधलं होतं. त्यांना खोटं ठरवलं गेलं. १९८१ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं.

मुखर्जींच्या नोंदी तपासून आनंद कुमारांनी १९९७ साली जाहीर लिहिलं: पहिला मान मुखर्जींचा. म्हणजे स्वतःचा नाही.