शेवटी जिंकलं कोण?

१९ जानेवारी २०१५. मार्टिन लूथर किंग यांच्या स्मरणार्थ अमेरिकेत सुट्टी असलेला सोमवार. त्या रात्री साडेअकराला कॉमेडी सेंट्रल वाहिनीवर 'द नाइटली शो' सुरू झाला. नऊ वर्षं जी वेळ स्टीफन कोलबेरची होती, ती लॅरी विल्मोरला मिळाली. कार्यक्रमाचं आधी ठरलेलं नाव होतं 'द मायनॉरिटी रिपोर्ट'. फॉक्सने त्याच नावाची मालिका काढायची ठरवली, म्हणून ते बदलावं लागलं. पण त्या पहिल्या नावातच सगळा हेतू होता. रात्रीच्या विनोदी बातम्यांच्या टेबलामागे एक कृष्णवर्णीय माणूस बसणार, आणि वंशाचा विषय अधूनमधून तोंडी लावायला न घेता तो रोजच्या जेवणासारखा वाढणार.

कार्यक्रम जेमतेम एकोणीस महिने चालला. १८ ऑगस्ट २०१६ ला शेवटचा भाग झाला. प्रेक्षकांशी सूर जुळला नाही, असं वाहिनीचं म्हणणं होतं. म्हणजे 'प्रेक्षकांचं मत' हेच कारण म्हणून पुढे आलं. या लेखात त्या 'मता'कडेच जरा नीट बघू या. कारण वंशावरचा विनोद बघताना प्रेक्षक नक्की कशाला हसतो, यावर अमेरिकेत विल्मोरच्या चाळीसेक वर्षं आधीच मोठं भांडण होऊन गेलं होतं.

ते भांडण 'ऑल इन द फॅमिली' या मालिकेवरून झालं. जानेवारी १९७१ मध्ये सीबीएसवर ती सुरू झाली. मूळ कल्पना बीबीसीच्या 'टिल डेथ अस डू पार्ट'ची. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारा आर्ची बंकर हा गोरा कामगार. काळे, ज्यू, स्थलांतरित, सगळ्यांबद्दल तोंडाला येईल ते बोलणारा. घरात त्याच्याशी रोज वाद घालणारा उदारमतवादी जावई माइक. पहिल्या भागाआधी वाहिनीने पडद्यावर सूचना दाखवली, की हा कार्यक्रम आपल्याच दोषांवर आणि पूर्वग्रहांवर हसण्यासाठी आहे. निर्माता नॉर्मन लिअरचा विश्वास होता, की पूर्वग्रह उघड्यावर आणून त्याला हसलं, की त्यातला मूर्खपणा आपोआप दिसतो.

सगळ्यांना हे पटलं नाही. लॉरा हॉब्सन या कादंबरीकार. ज्यूद्वेषावरची त्यांची कादंबरी १९४७ मध्येच गाजली होती. त्यांनी १९७१ मध्येच 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लांबलचक लेख लिहून विचारलं, की हा आर्ची इतका लोभस का वाटतो? त्यांचा मुद्दा असा, की खऱ्या द्वेष्ट्याच्या तोंडचे सगळ्यात विखारी शब्द मालिकेने गाळले आहेत, आणि उरलाय तो घरोघरीचा लाडका म्हातारा. लिअरने त्याच वर्तमानपत्रातून उत्तर दिलं. दोघंही ज्यू, दोघांनाही द्वेष नको होता, आणि एकाच मालिकेबद्दल दोघांची मतं अगदी उलटी.

मग नील विडमार आणि मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञांनी सरळ प्रेक्षकांनाच विचारायचं ठरवलं. अमेरिकेतले शाळकरी तरुण आणि कॅनडातले प्रौढ असे दोन गट त्यांनी घेतले. १९७४ मध्ये निष्कर्ष छापून आले. मालिका आवडण्यात फारसा फरक नव्हता. पूर्वग्रह जास्त असलेले आणि कमी असलेले, दोघंही मजेत बघत होते. फरक पडला तो पुढच्या प्रश्नांना. तुम्हाला कोण जास्त आवडतं, आर्ची की माइक? वादात शेवटी जिंकतं कोण? ज्यांच्या मनात पूर्वग्रह जास्त, त्यांना आर्ची आवडत होता आणि जिंकतोही तोच, असं वाटत होतं. म्हणजे एकाच विनोदावर दोन घरांत एकसारखा हशा, पण एका घरात आर्चीला हसत होते आणि दुसऱ्या घरात आर्चीबरोबर.

या मालिकेने सलग पाच हंगाम अमेरिकेत पहिला क्रमांक टिकवला. टीआरपी मोजणाऱ्या यंत्राला हे दोन हशे वेगळे कळत नाहीत, हे इथे लक्षात ठेवायला हवं.

आता कोलबेरकडे येऊ. 'द कोलबेर रिपोर्ट'मध्ये तो उजव्या विचारांच्या, अतिआत्मविश्वासू निवेदकाचं सोंग घेऊन बसायचा. 'मला माणसाचा रंग दिसतच नाही' हा त्याचा नेहमीचा विनोद. आपण गोरे आहोत हेसुद्धा त्याला म्हणे लोकांनीच सांगितलं! २००९ मध्ये तीन संशोधकांनी या कार्यक्रमाच्या प्रेक्षकांचा अभ्यास केला. निष्कर्ष जवळजवळ आर्चीसारखाच. डावे आणि उजवे, दोघांनाही कोलबेर सारखाच विनोदी वाटत होता. पण उजव्या प्रेक्षकांना जास्त करून असं वाटत होतं, की हा थट्टेचं फक्त नाटक करतोय, मनातून मात्र जे बोलतोय तेच मानतो. सोंगाचा फायदा हाच. ज्याने त्याने आपल्याला हवा तो अर्थ घरी न्यायचा.

त्याची किंमत कधी कधी कलाकार मोजतो. डेव्ह शपेल २००५ मध्ये प्रचंड पैशाचा करार आणि अर्धवट हंगाम सोडून दक्षिण आफ्रिकेला निघून गेला. पुढच्या वर्षी त्याने ओप्रा विन्फ्रीला सांगितलं, की वंशाच्या साचेबद्ध प्रतिमांवरचं एक प्रहसन चित्रित होत असताना सेटवरचा एक गोरा माणूस हसला, आणि ते हसणं त्याला खुपलं. नॉर्मन लिअरला जो प्रश्न वर्तमानपत्रातून विचारला गेला, तो शपेलला समोर उभ्या असलेल्या माणसाच्या आवाजात ऐकू आला.

या पार्श्वभूमीवर विल्मोरने काय केलं ते बघा. त्याने सोंगच काढून टाकलं. त्याच्या शोचं पालुपद होतं 'कीप इट हंड्रेड', म्हणजे शंभर टक्के खरं बोल. पाहुण्याला अडचणीचा प्रश्न विचारायचा. खरं बोलला तर स्टिकर, गुळमुळीत बोलला तर अंगावर चहाच्या पिशव्या. जून २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांची हत्या झाली. तो हल्ला धर्मावरचा असल्याचं काही जण टीव्हीवर सुचवत होते, तेव्हा विल्मोरने वंशद्वेषाला वंशद्वेष म्हणायला काय अडतंय, असं थेट विचारलं. इथे 'मनातून तो माझ्यासारखाच आहे' असं समजून हसायला कुणाला जागाच नव्हती.

कार्यक्रम बंद पडायचं हे एकमेव कारण असं मी म्हणणार नाही. गटचर्चा घाईत गुंडाळली जायची, ही समीक्षकांची तक्रार रास्त होती. पण दोन प्रकारचे प्रेक्षक एकाच विनोदावर गोळा करण्याची सोय त्याने सोडून दिली होती, हेही तितकंच खरं.

आता आपण कुठे? विल्मोरच्या पहिल्याच भागाच्या चर्चेत सिनेटर कोरी बुकर आणि रॅपर तालिब क्वेली यांच्या शेजारी शहनाज ट्रेझरी होती. मुंबईची, 'इश्क विश्क'मधली. काळ्या-गोऱ्यांच्या वादात भारतीय माणूसही त्या टेबलाशी बसला. त्याआधी, २०१२ मध्ये, डब्ल्यू. कमाऊ बेलच्या 'टोटली बायस्ड' या तशाच रात्रीच्या कार्यक्रमात हरी कोंडाबोलूने 'द सिम्पसन्स'मधल्या अपूवर तोंडसुख घेतलं होतं. एका गोऱ्या नटाने भारतीय उच्चारांची नक्कल करून उभा केलेला दुकानदार. पुढे २०१७ मध्ये हरीने त्यावर माहितीपटच केला, आणि २०२० मध्ये हँक अझेरियाने तो आवाज देणं सोडलं.

अपूबद्दल आपल्याच घरांत मतं कशी फुटतात, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. आईबाबांना वाटतं, निदान टीव्हीवर आपला एक माणूस होता, कष्टाळू, पीएचडी झालेला. एवढं काय मनाला लावून घ्यायचं? मुलांना मात्र शाळेत त्याच उच्चारांत हाक मारली गेलेली असते. सोफा एक, पण बसलेल्यांचा अनुभव वेगळा, म्हणून विनोदही वेगळा.

हे उलट बाजूनेही तपासावं लागतं. मंडळाच्या गणपतीत स्किट बसवताना शेजाऱ्याच्या रंगाची किंवा बोलण्याची नक्कल येते, तेव्हा सभागृहातला हशा कुठला असतो, आर्चीला हसणारा की आर्चीबरोबरचा? हे टाळ्यांवरून कळत नाही. विडमार आणि रोकीच यांचा प्रश्न पन्नास वर्षांनंतरही कामाचा आहे. कार्यक्रम संपल्यावर घरी परतताना गाडीत सगळ्यांना एवढंच विचारा, 'शेवटी जिंकलं कोण?' उत्तरं एकसारखी येणार नाहीत.