आधी कड बघा, मग फोटो

तुम्ही आहात १९७६ च्या मे महिन्यात, कोल्हापुरातल्या एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत. लग्नसराई जोरात आहे. खोलीत हायपोचा उग्र वास भरलाय. परातीतल्या बर्फाच्या पाण्यात डेव्हलपरची बाटली उभी आहे, कारण नळाचं पाणी तापलंय आणि डेव्हलपर लागतो वीस अंशांवर. दोरीला चार रोल चिमट्यांनी टांगलेत. ते काढणारा फोटोग्राफर बाहेरच्या बाकावर चुळबुळत बसलाय.

तुम्हाला काम शिकवणारे अण्णा येतात. डेव्हलपरनं त्यांची नखं कायमची तपकिरी झालीत. पहिली फिल्म ते दोन्ही कडांना धरून खिडकीच्या उजेडासमोर नेतात. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरी आहे. एकसुद्धा फोटो नाही. तुमच्या पोटात गोळा येतो. सकाळी हा रोल तुम्हीच धुतलाय.

"घाबरू नकोस," अण्णा म्हणतात. "आधी कड बघायची, मग फोटो. कडेला काय दिसतंय?"

तुम्ही वाकून बघता. भोकांच्या रांगेजवळ 'ओर्वो एनपी २२' ही अक्षरं आणि आकडे काळेभोर उमटलेत. पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनच्या कारखान्यात ती उजेडानं छापली गेली. कॅमेऱ्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही. ती दिसू लागतात फक्त डेव्हलपरमुळे. अक्षरं ठसठशीत आहेत, म्हणजे धुलाई चोख झाली. उजेड फिल्मपर्यंत पोचलाच नाही. फिल्मचं टोक गुंडाळीतून निसटलं आणि शटर एकाच जागी वाजत राहिलं.

"त्याला विचार, चावी देताना रिवाइंडची खुंटी फिरत होती का. फिल्म सरकत असली की ती फिरतेच."

दुसरा रोल. फोटो आहेत, पण फिके. अंतरपाट जेमतेम ओळखू येतो. आता तुम्ही आपणहून कड बघता, तर अक्षरंही फिकीच. अण्णा काही न बोलता जुनी बाटली उजेडात धरतात. अर्ध्या रिकाम्या बाटलीत हवा खेळली आणि डेव्हलपर चहासारखा तांबूस झाला. त्यातल्या मेटॉल आणि हायड्रोक्विनोनची ताकद गेलीय. हा दोष आपला. फिल्म परत डेव्हलप करता येत नाही. हार्ड, म्हणजे काळं-पांढरं ठळक करणाऱ्या कागदावर प्रिंट काढून निघेल तेवढं काढायचं. अण्णा स्वतः बाहेर जाऊन फोटोग्राफरला तसं सांगतात. अक्षरं काळी आणि फोटोच तेवढे फिके असते, नवरदेवाच्या काळ्या कोटाची एकही चुणी दिसत नसती, तर उजेड कमी पडला असता आणि दोष कॅमेरा धरणाऱ्याचा ठरला असता.

तिसऱ्या रोलवर दुधाळ, जांभळट पट्टे आहेत. तुम्ही अण्णांच्या तोंडाकडे बघता. ते ताज्या हायपोचा टँक पुढे सरकवतात. उजेड न लागलेले चांदीचे क्षार हायपो विरघळवून काढतो. हायपो थकला की ते फिल्मवरच राहतात आणि पट्टे दिसतात. तुम्ही रोल पुन्हा बुडवता. काही मिनिटांत पट्टे विरतात आणि सप्तपदीचे फोटो लख्ख दिसू लागतात. आता वाहत्या पाण्यात भरपूर धुवायचं. हायपो मागे राहिला तर पुढे कधीतरी पिवळे डाग पडणार.

चौथ्या रोलमध्ये काही फोटो अर्धेच. एका पट्ट्यात माणसं, उरलेला भाग कोरा. अक्षरं मात्र उत्तम. फोटोग्राफरनं इलेक्ट्रॉनिक फ्लॅश लावला आणि शटर फार वेगात ठेवलं. कापडी पडद्याचं शटर असलेल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत पडदा १/६० सेकंदापर्यंतच पुरता उघडतो; त्याहून वेगात फ्लॅश फक्त फटीतून फिल्मवर पडतो. त्याच रोलवर वधूच्या शालूवर टाचणीच्या डोक्याएवढे कोरे ठिपके आहेत. ते हवेच्या बुडबुड्यांचे. डेव्हलपर ओतल्यावर टँक ओट्यावर दोनदा आपटायचा राहिला. प्रिंटवर ते ठिपके काळे दिसले असते, म्हणून अण्णा बारीक ब्रशनं निगेटिव्हवरच रंग भरतात.

"लग्न पुन्हा लागत नाही," ते ब्रश धुताना म्हणतात. "म्हणून दोष कुणाचा ते आधी नीट बघायचं. उगाच कुणावर ढकलायचं नाही."

आता आजच्या दिवसात या. तुमच्याही घरी ट्रंकेत किंवा माळ्यावर आजी-आजोबांच्या लग्नाच्या निगेटिव्ह असतील. हात धुऊन त्या कडेनं धरा आणि खिडकीसमोर न्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्मचा अ‍ॅसिटेटचा पाया विघटित होऊ लागलाय. त्या इतरांपासून वेगळ्या ठेवा आणि लगेच स्कॅन करून घ्या. बाकीच्या निगेटिव्ह प्लास्टिकमधून काढून कागदी पाकिटात, कोरड्या आणि गार जागी ठेवा. अल्बममधला फोटो धुरकट आहे म्हणून निगेटिव्ह फेकू नका. पुष्कळदा दोष प्रिंटमध्ये असतो आणि निगेटिव्हमध्ये सगळं शाबूत असतं.