तेरचं कापड आणि लाकडाचा धागा

आपल्या जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. तिथलं कापड भडोचच्या बंदरात जाई, अशी नोंद पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे. आता साधा प्रश्न: सुती कापड धुताना पाण्यात विरघळत का नाही?

कापूस म्हणजे सेल्युलोज. लाकडाच्या लगद्यातही मुख्यतः तेच. ज्वारीतला स्टार्चही त्याच ग्लुकोजचा. पण पीठ शिजवलं की आंबील होते, लगदा मात्र कितीही उकळा, तंतू शाबूत! कारण रचनेत आहे. सेल्युलोजच्या सरळ साखळ्या शेजारी शेजारी घट्ट बांधलेल्या असतात. जिथं वीण सैल, तिथं द्रावक आधी शिरतो. जिथं ती दाट, तिथं तो अडतो.

ही वीण १८५७ मध्ये श्वायट्झरनं तांबं-अमोनियाच्या द्रावणानं सोडवली. १८९२ मध्ये इंग्लंडात क्रॉस, बेव्हन आणि बीडल यांनी कॉस्टिक सोड्यानं तंतू फुगवला, मग कार्बन डायसल्फाइड वापरून तो विरघळवला. त्यातून रेयॉन आलं. पुढं आपल्याकडं कल्याणजवळ शहाडलाही त्याचा कारखाना निघाला.

पण कार्बन डायसल्फाइडची वाफ मेंदू आणि मज्जातंतू बिघडवते. फ्रान्समधल्या रबर कामगारांत हे १८५६ सालीच दिसलं होतं. तरी जगानं तोच मार्ग धरला. लगदा थेट विरघळवणारा, जवळपास सगळा परत मिळणारा द्रावक कारखान्यात यायला विसावं शतक सरत आलं.

तंतूची वीण सोडवणं हे ज्ञान खरं. पण ती कुणाच्या जिवावर सोडवली, हा प्रश्नही इतिहासाचाच आहे.